सुलाबाईचा पासवर्ड

सुलाबाईला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठं लालासाहेबांच्या ध्यानात आलं की घरात तिचा धड एक फोटो नाही. वर्षश्राद्धाला हार घालायचा कशाला? लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान तेवढी दिसायची. फोटो काढायचा म्हटलं की ती पदराआड व्हायची, त्यामुळं मुलाकडंही नव्हता. तिचा मोबाइल दवाखान्याच्या धावपळीत कुठंतरी हरवला. उरला कॉम्प्युटर.

तो मुलानं, वीरधवलनं घेऊन दिलेला. वीरधवल बापासारखाच फौजेत, बायको संयोगिता आणि लेक त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. नातीचं तोंड आजीला मोठं दिसावं म्हणून सुट्टीवर आल्यावर त्यानं कोरेगावातून आणला आणि आईला शिकवला. सातवी शिकलेली सुलाबाई दोन बोटांनी टाइप करायला लागली, मोबाइलमधले फोटो त्यात उतरवून ठेवायला लागली. सुभेदार होऊन परतलेले लालासाहेब त्या वाटेला कधी गेले नाहीत. उसाचं पाणी भलं आणि ते भले.

आता कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर पासवर्डची चौकट. त्यांनी मुलाला फोन लावला.

"आईनं नंतर बदलला, आबा. मलाबी सांगितला न्हाई. इचारलं की हसायची. म्हणायची, घरातलं येक तरी कुलूप माझं असू दे."

लालासाहेबांनी लग्नाची तारीख घातली. चुकली. तशी चौकटीखाली एक ओळ उमटली. विसरलं तर आठवावं म्हणून सुलाबाईनंच इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेली खूण: तिचा दिवस.

तिचा म्हणजे कुणाचा? नातीचा वाढदिवस घालून पाहिला, मग सुनेचा. सुलाबाईची स्वतःची जन्मतारीख बघायला कपाटातून आधार कार्ड काढावं लागलं; त्यावरचा काळपट चेहरा तर तिचा वाटतही नव्हता. इतकी वर्षं संसार केला आणि हेही आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ते कार्ड हातात धरून नुसतेच बसून राहिले. तीही तारीख चालली नाही. शेवटी कॉम्प्युटर पासवर्डच घेईना.

कोरेगावातल्या दुकानातला धनाजी घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "सुभेदार, कुलूप मी फोडीन. पन आतली डिस्क खरखर करतीया. मधी हात घातला आन् बसली, तर फोटो गेलं म्हणून समजा. पासवर्ड गावतोय का बघा. गावला की लगेच सगळं काढून घेतो."

सुलाबाईच्या मनातलं कुणाला ठाऊक असेल तर ते तिच्या धाकट्या बहिणीला. बनुबाई सांगलीजवळ कुपवाडला राहायची, नवरा तिथल्याच एका वर्कशॉपात. दर नागपंचमीला सुलाबाई तिच्याकडं जायची. लालासाहेबांनी सांगलीची एसटी धरली.

बनुबाई मेथी निवडत होती. चहापाणी झालं, तसं त्यांनी विचारलं, "बनू, तुझ्या आक्कानं पासवर्डाला खूण लिवलीया. तिचा दिवस. कुणाचा गं?"

बनुबाईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "दाजी, तुमास्नी खरंच ठावं न्हाई?"

"न्हाई."

"रेश्माचा."

"कोण रेश्मा?"

बनुबाईनं पदर डोळ्याला लावला. "आवं, तुमची थोरली."

लालासाहेब तेव्हा बर्फातल्या चौकीवर होते. पुढं रजेवर आले, तेव्हा आईनं दारातच सांगितलं, मुलगी झाली होती, राहिली नाही. आता तिच्याफुडं इषय काढू नगंस. त्यांनी काढला नाही. मूल मेलेलंच जन्मलं, असं त्यांनी धरलं. रजा संपली, पुढं वीरधवल झाला आणि ते सगळं मागं पडलं. निदान त्यांच्या लेखी.

"चांगली आठवडाभर होती की," बनुबाई सांगू लागली. "दूध प्यायची, बोट धरायची. नागपंचमीची जन्मलेली. बारसं व्हायच्या आदीच गेली, पन आक्कानं नाव ठिवलंवतं, तिच्या कानात सांगितलंवतं. दर पंचमीला आक्का माझ्याकडं यायची ती काय झोका खेळायला? येक नवं झबलं घ्यायची आन् सांगलीच्या घाटावर जाऊन कुणाच्यातरी तान्ह्या पोरीला दिऊन यायची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं, दाजी?"

बनुबाईनं जेवायचा आग्रह केला. ते तसेच परतीच्या एसटीला निघाले.

दुसऱ्या दिवशी धनाजी पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. लालासाहेबांनी एकेक अक्षर शोधत नागपंचमी टाइप केलं. उघडेना. धनाजीनं स्पेलिंग बदलून पाहिलं, तरी उघडेना. मग लालासाहेबांना सुलाबाईचा बोल आठवला. ती कधी पंचमी म्हणायचीच नाही.

"पंचीम लिव," ते म्हणाले. "नागपंचीम."

पडदा उघडला.

आत फोटोच फोटो. नात, सून, दारातली म्हैस. विहिरीच्या मोटारीवर वाकलेले लालासाहेब, जेवणारे लालासाहेब, बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेले लालासाहेब. काढणारी तीच, त्यामुळं ती कशातच नव्हती. फक्त एका व्हिडिओ कॉलचा फोटो होता: पडदाभर नात आणि कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकोनात हसणारी सुलाबाई. धनाजीनं तो चौकोन मोठा केला, तसा चेहरा पुसट झाला.

"नीट येत न्हाई, सुभेदार."

"असू दे. त्योच छापून आण."

धनाजी गेल्यावर त्यांनी वीरधवलला फोन लावला.

"गावला व्हय पासवर्ड? काय होता?"

लालासाहेब मग म्हणाले, "वीर, तुला येक बहीण होती. तुझ्या आदी. रेश्मा नाव तिचं."

वीरधवलनं हळू विचारलं, "दिसायला कशी होती, आबा?"

लालासाहेबांनी पडद्यावरच्या त्या पुसट चौकोनाकडं पाहिलं. "ते तुझ्या आईला ठावं होतं, बाळा," ते म्हणाले.