वायपरची मोटर आणि दोन स्प्रिंगा

आम्ही चौघे विमानाच्या नियंत्रणावर काम करणारे इंजिनियर. आठवडाभर सरकारी संशोधन संस्थेत कागद काळे करायचे आणि रविवारी बसवनगुडीत एकाच्या घराशेजारच्या शेडमध्ये एक जुनी चौकोनी मोटार खोलायची. नव्वदच्या दशकात बंगळूरबाहेर एका बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यती व्हायच्या. दोन वर्षं तिघे पुरुष आळीपाळीने गाडी चालवायचे आणि मी नट आवळायचे. तिसऱ्या वर्षी मी भांडले. त्यांनी चर्चा करून ठरवलं की माझं वजन सगळ्यांत कमी, सबब गाडी मी चालवावी. माझ्या चालवण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं, चालेल, गाडी मिळतेय ना.

साधं काही करणं आम्हाला जमतच नसे. आमच्या विमानात वैमानिकाच्या काठीपासून शेपटीपर्यंत केबल नव्हती, विजेची वायर होती. मग आमच्याच गाडीत अ‍ॅक्सिलरेटरपासून कार्बुरेटरपर्यंत ती गंजकी केबल कशाला? आम्ही पेडलखाली तीन सेन्सर बसवले, त्यांचं बहुमत घेणारा एक डबा बनवला, आणि डबा सांगेल तेवढी कार्बुरेटरची झडप उघडायला भंगारातून वायपरची मोटर आणली. एक सेन्सर खोटं बोलला तर उरलेले दोघे त्याला गप्प करणार. लोकशाहीवर आमचा फार विश्वास.

झडप ओढून बंद करणारी मूळची स्प्रिंग मोटरला जड जात होती. त्यावर रीतसर बैठक झाली. मुद्दा मीच मांडला. आपल्या व्यवस्थेत प्रत्येक गोष्टीला पर्याय आहे, स्प्रिंगला नाही. उद्या ती तुटली तर काय? तेव्हा ज्याला पर्याय नाही असा भाग ठेवूच नये. सगळ्यांनी माना डोलावल्या, इतिवृत्तात नोंद झाली आणि स्प्रिंग निघाली. दुसरी स्प्रिंग लावावी, हे चार उच्चशिक्षित डोक्यांपैकी एकातही आलं नाही. मूळच्या केबलनं आम्ही डिकीचं झाकण बांधलं.

शर्यतीआधी गाड्या तपासायला एक अण्णा असत. चिकपेटेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, घराणं तीनशे वर्षांपासून इथलं, मराठी निम्मं कानडी. नियमांचा एकच कागद होता आणि तो त्यांना पाठ होता. पाय उचलला की झडप आपोआप मिटली पाहिजे, आणि ती मिटवायला दोन वेगवेगळ्या स्प्रिंगा पाहिजेत. मी त्यांना आमची लोकशाही समजावून सांगितली. इंग्रजी शब्द मुद्दाम जास्त घातले, म्हटलं दुकानदार माणूस आहे, दबेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सरी अक्का," ते म्हणाले. "तुम्ही आत बसा. स्वल्प वायर काढून बघतो."

गाडी न्यूट्रलला होती. मी पेडल निम्मं दाबलं, इंजिन गरजलं, आणि अण्णांनी डब्याचा प्लग उपटला. मी पाय उचलला. इंजिन तसंच गरजत राहिलं. वायपरच्या मोटरचा गुणच असा की वीज गेली की ती असेल तिथे रुतून बसते, बाहेरून कितीही ओढा, हलत नाही. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. मी ब्रेक दाबला. हलत नसलेल्या गाडीचा ब्रेक मी जीव खाऊन दाबला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसले. शेवटी अण्णांनीच खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

"सात सेकंद मोजले मी," ते म्हणाले. "किल्ली तुमच्या गुडघ्यापाशी होती, अक्का. पट्टी संपते तिथे दगडी कंपाउंड आहे."

माझे कान तापले. राग अण्णांचा आलाय, असं मी बराच वेळ स्वतःला सांगत राहिले. पण स्प्रिंग काढायची कल्पना माझी होती. मला स्वतःची लाज वाटली.

तिकडे तिघे बाभळीखाली बैठकीला बसले. केबल लावून शर्यतीत उतरण्यात तांत्रिक अर्थ नाही, सबब माघार घ्यावी, असं ठरत आलं होतं. त्यांना डबा पळवायचा होता, मला गाडी. तुम्ही इतिवृत्त लिहा, म्हटलं, आणि डिकीची केबल सोडून आणली. अण्णांनी स्कूटरच्या डिकीतून दोन स्प्रिंगा काढून दिल्या. तपासनीसानं गाडीला पाना लावायचा नसतो, म्हणून ते नुसतं बोट दाखवत उभे राहिले. तासाभरात मोटर उतरली, केबल चढली. अण्णांनी आधी एक स्प्रिंग काढायला लावून बघितलं, मग ती लावून दुसरी. त्यानंतर डोळे मिटून किल्ली बंद करायचं माझ्याकडून दहा वेळा घोटून घेतलं.

सरळ पट्टीवर मी पेडल तळाला टेकवलं. कंपाउंड दिसताच पाय उचलला, बाकीच्यांपेक्षा कितीतरी आधी, आणि इंजिनाचा आवाज लगेच खाली आला. त्याचं इतकं सुख झालं की पुढच्या प्रत्येक फेरीत मी पाय तितक्याच लवकर उचलला. शेवटून पहिली आले. तिघांनी कारण विचारलं आणि टायर, वारा, क्लच अशी उत्तरंही त्यांनीच पुरवली. मी म्हटलं की मी घाबरले होते.

सोमवारी ऑफिसात गेले आणि महिन्याभरापूर्वी माझ्या सहीनं पुढे गेलेली एका चाचणीयंत्राची फाईल परत मागवली. तिच्यातलं प्रत्येक वाक्य मला फार आवडलं होतं. मंजूर झालेली फाईल आमच्याकडे कुणी परत मागत नसे. साहेब वैतागले आणि काय चुकलंय ते विचारू लागले.

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्या यंत्राची वायर अजून कुणी काढून बघितलेली नाही."