यादीतलं तिसरं जहाज

माझी थोरली आत्या नवऱ्याला शिव्या द्यायची. नवरा समोर नसताना, आणि तब्बल साठ वर्षं. भाकरी करपली, म्हशीनं लाथ झाडली, गारपिटीनं द्राक्षं झोडपली, की दोष त्याचाच. "तिकडं मडमेच्या मांडीवर डोकं ठिवून पडला असंल, त्याला काय हाय!" राजुरीतल्या आमच्या घरातली पोरं बोलायला शिकली ती या शिव्या ऐकतच. आईला लाज वाटायची, वडील हसून सोडून द्यायचे.

तिचं सासर डिंगोऱ्याचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, नवरा मुंबईला गोदीत गेला आणि तिथून एका मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला चढला. शिमगा करून गेला तो गेलाच. श्रावणात त्याचा चुलतभाऊ मुंबईहून गावी आला आणि त्यानं सांगितलं, तो परदेशातल्या कुठल्याशा बंदरात उतरला, तिथंच राहिला, बाई ठेवलीय. आत्या माहेरी आली ती कायमची. कुंकू मात्र पुसलं नाही. वटपौर्णिमेला वडाला एकच फेरी मारायची. बायका विचारायच्या, सात का नाही? "सात जल्म कुनाला पायजेत? याच जल्मात एकदा गावला पायजे, मग बगते." बायका तोंडाला पदर लावून हसत.

पुढं मी शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. नव्वदच्या दशकात कधीतरी तो चुलतभाऊ अंथरुणाला खिळला आणि त्यानं मला निरोप पाठवला. गेलो. पोरासुनांना बाहेर काढून म्हातारा म्हणाला, "मास्तर, त्यो पळाला न्हवता. मीच खोटं बोललो."

जहाजावरची नोकरी खरं तर या चुलतभावाला लागली होती. कागद त्याच्या नावाचा, अंगठा त्याचा. ऐन वेळी ताप भरला, शिवाय पाण्याची भीती. हातची नोकरी वाया कशाला घालवायची, म्हणून त्यानं आपला कागद भावाला दिला. घरातल्या घरातली गोष्ट, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एकाच्या नावावर दुसरा पाण्यात गेला. मग काही महिन्यांनी मुंबईच्या खोलीवर इंग्रजी पत्र आलं. गोदीतल्या कारकुनाकडून वाचून घेतलं. जर्मनांनी जहाज बुडवलं, आणि मेलेल्यांत या चुलतभावाचंच नाव.

"जित्तेपनी मी माज्या मरनाचं पत्र आयकलं, मास्तर. खरं सांगावं तर इंग्रज तुरुंगात घालनार. पत्र चुलीत घातलं अन् ती बाईची थाप मारली. इंग्रज गेल्यावर सांगनार व्हतो. पर तवर तिच्या शिव्या लई वाढल्या व्हत्या. भ्या वाटलं." त्यानं मला जहाजाचं नाव सांगितलं. आठ दिवसांत तो गेला.

मी घरी येऊन गप्प बसलो. मला पुरावा हवा होता. पोरांना "आधार काय?" असं खडसावून विचारणारा मास्तर मी, मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर कसा विसंबणार? निदान स्वतःला मी हेच सांगत आलो. खरं असं, की आत्यापुढं हा विषय काढायची माझी छाती नव्हती. ती शिव्या द्यायची, मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचो.

नारायणगावात इंटरनेटची दुकानं निघाली तेव्हा शाळेच्या कामाला गेलो होतो. काम संपल्यावर सहज जहाजाचं नाव टाकलं. जे पान उघडलं ते जहाजाचं नव्हतंच, ते ज्या पाणबुडीनं ते बुडवलं तिचं होतं. बांधली कुठं, कप्तान कोण, कोणत्या बंदरातून किती वेळा निघाली, सगळं तारीखवार. मास्तराच्या सर्व्हिस बुकात नसतील एवढ्या नोंदी. खाली तिनं बुडवलेल्या जहाजांची यादी. त्यात तिसरं आमचं. आफ्रिकेच्या खालच्या टोकाजवळ, पहाटे, टॉर्पेडो थेट भट्टीच्या बाजूला लागला. वरचे काही लोक होडीत उतरून वाचले. खालचं कुणी वर आलं नाही.

फोटोही होता. डेकवर दाढ्या वाढलेली पोरं ओळीनं उभी राहून हसत होती. मला इतका राग आला की दुकानदारानं वळून पाहिलं. मग पुढचं वाचलं. शेवटच्या खेपेला ती पाणबुडी बंदरातून निघाली आणि परत आली नाही. कुठं बुडाली तेही कुणाला ठाऊक नाही. माझा राग तिथंच विझला, आणि आता हे पान घरी न्यायचं आहे एवढंच उरलं.

आत्या अंगणात उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. तिचं शेंगा फोडायचं थांबलं तेवढंच.

"कवा झालं?" तिनं विचारलं.

तिथी मी जुन्या पंचांगात काढून ठेवली होती. "ज्येष्ठात."

ती बोटांवर मोजू लागली. "अन् मला सांगितलं श्रावनात. म्हंजी मी पयली शिवी दिली तवा..." तिथंच थांबली.

"तुला काय माहीत होतं, आत्या?"

"मेलेल्या मानसाला कुनी शिव्या देत न्हाई रे. वैऱ्याला बी न्हाई." डोळे कोरडेच होते. मग म्हणाली, "त्या पानबुडीवरची मानसं? ती गेली का घरी?"

"नाही. एकही नाही."

"त्यांच्या बायकांना खरं सांगितलं का कुनी?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. तिनं सूप बाजूला सारलं आणि इतका वेळ खाली असलेली नजर वर करून माझ्याकडं पाहिलं.

"म्हाताऱ्यानं तुला कवा सांगितलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. "आठ वर्षं झाली."

"म्हंजी आठ वर्सं तू हितं बसून आयकत व्हतास," ती म्हणाली, "अन् मला गप ऱ्हा म्हनला न्हाईस."

त्या क्षणी तिनं मला तोंडाला येईल ते बोलायला हवं होतं. मी वाट पाहत बसलो होतो. ती उठली, सूप घेतलं आणि आत गेली. त्यानंतर दोन वर्षं जगली, आणि त्या दोन वर्षांत तिच्या तोंडून एकही शिवी आली नाही. मलासुद्धा नाही.