चौथी खुर्ची

ऑफिसातली गोरी पोरं उन्हाळ्यात युरोपात जायची, पाठीवर सॅक टाकून पॅरिस ते प्राग रेल्वेनं हिंडायची आणि परत आल्यावर महिनाभर आमचं डोकं खायची. माझ्या भारतीय पासपोर्टला तिकडे जायचं म्हणजे व्हिसाची कटकट. म्हणून तीच चैन मी अमेरिकेत करायची ठरवली. हर्नडनहून, म्हणजे माझ्या नोकरीच्या गावाहून, निघून शिकागोमार्गे रेल्वेनं ॲरिझोना, चँडलरच्या मित्राकडे. सॅक घेतली, दाढी वाढवली. स्वतःला मोठा जगप्रवासी समजत होतो. प्रत्यक्षात खुर्चीत अवघडून बसलेला प्रोग्रामर होतो.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की केली होती. हर्नडनच्या मराठी घोळक्यात दोन वर्षं मी जात लपवून काढली होती. माझं आडनाव मराठ्यांतही असतं, आमच्यातही, त्यामुळे खोटं बोलावं लागायचं नाही, गप्प बसलं की भागायचं. या प्रवासात कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, आम्ही बौद्ध. अनोळखी माणसासमोर एकदा जमलं की हर्नडनमध्येही जमेल, असं वाटत होतं. त्या गाडीत मराठी माणूस भेटायची शक्यता जवळजवळ नव्हतीच, यावरून माझं शौर्य ओळखा.

गाडीच्या डायनिंग कारमध्ये, म्हणजे जेवणाच्या डब्यात, वाढपी खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. चौघांचं टेबल भरेपर्यंत कुणालाही कुणाशेजारी बसवतात. न्यू मेक्सिकोच्या उजाड डोंगरांतून जाताना दुपारी मला जी चौथी खुर्ची मिळाली, त्या टेबलाशी कॅरी नावाच्या गावाहून आलेलं एक मराठी कुटुंब बसलं होतं. काका, काकू आणि इथंच जन्मलेली त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी.

काकांनी सॅलड यायच्या आत आडनाव विचारलं. त्यावरून उलगडा होईना, तेव्हा गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग कुलदैवत कुठलं. गृहस्थ औषधाच्या कंपनीत शास्त्रज्ञ होते म्हणे. एवढी चिकाटी प्रयोगशाळेत दाखवली असती तर एखादं औषध तरी निघालं असतं. मी ‘नागपूरकडचा’ एवढंच म्हणत त्यांना झुलवत होतो आणि मला मजा येत होती. शेवटी कंटाळून त्यांनी मला आपल्यातला धरून टाकलं. काकूंनी पर्समधून डबा काढून रव्याचा लाडू माझ्या बशीत ठेवला.

“बरं वाटतं रे, चांगल्या घरची मुलं भेटली की,” काका म्हणाले. “हल्ली आयटीमुळे कोट्यातली पब्लिकपण इकडे यायला लागलीय. हे लोक मॅनेज करायला लागले की क्वालिटी संपली समज.”

‘काका, मी त्यातलाच.’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

मुलीनं काटा खाली ठेवला. तिला मराठी सगळं कळत होतं. “डॅड, दॅट्स डिस्गस्टिंग,” ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बाजूनं बोलेन याची तिला खात्री दिसत होती.

काकांचा चेहरा उतरला. त्या माणसाची मला तेव्हा किळस आली, आजही येते. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: “लहान आहे हो काका. कळेल हळूहळू.”

काका खूश झाले. काकूंनी आणखी एक लाडू वाढला आणि मी तो खाल्ला. मुलगी जेवण टाकून उठली. जाताना तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन्ही वेळा ती एकाच नजरेनं पाहत होती.