बाबा सातवर थांबले

पाच. सहा. सात.

आणि बेडरूमच्या दारामागून येणारा बाबांचा आवाज थांबला.

मी हॉलमध्ये लॅपटॉपवर होते. हसले. म्हटलं, आज सुंठीची काही खैर नाही.

सुंठी आमची मांजर. सुंठेच्या रंगाची म्हणून सुंठी. बाळकुमला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडलेली. बाबांनीच वर आणलेली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. खोपट डेपोतून रिटायर झाले, मग गुडघ्यांचं निमित्त करून खाली फिरायलाही जाईनात. पण संध्याकाळी साडेसहाला घरात पकडापकडी व्हायचीच.

नियम बाबांचे.

दारामागे उभं राहून दहापर्यंत मोजायचं. तोवर सुंठीने लपायचं. दहा झाले की "डबल बेल!" ओरडून तिच्यामागे धावायचं.

धावायचं म्हणजे भिंतीला हात लावत भरभर चालायचं.

सुंठी दिवाणाखालून सोफ्यावर, सोफ्यावरून टीव्हीच्या मागे. नेहमी तीच जिंकायची.

म्हणून बाबांनी एक युक्ती काढलेली. मोजता मोजता मध्येच गप्प व्हायचं. श्वाससुद्धा ऐकू द्यायचा नाही. सुंठीला राहवायचं नाही. ती दिवाणाखालून निघायची, दाराच्या फटीशी यायची, आणि बाबा तिला वरच्या वर उचलायचे.

"चला ताई, तिकीट दाखवा."

किचनमधून आई ओरडायची, "अहो, सोडा तिला. ओचकारलं तर इंजेक्शनला मी नाही येणार सोबत."

"विदाऊट तिकीट आहे गं. सोडू कशी?"

त्या दिवशीही सुंठी निघाली. दारापर्यंत गेली. फटीतून आत पाहिलं.

आणि तिथेच बसली.

मी म्हटलं, "बाबा, आली ती. पकडा की."

उत्तर आलं नाही. अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं.

मी एक मेल पूर्ण केला. मग दुसरा.

सुंठी हलली नव्हती. तेव्हा मी उठले.

बाबा दारामागे भिंतीला टेकून खाली बसलेले. डोळे उघडे.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. नाडी पाहिली. मग मला विचारलं, "किती वेळ झाला?"

मी म्हटलं, "आत्ताच."

आई शेजारी उभी होती. हातात लाटणं तसंच. तिने माझ्याकडे पाहिलं.

वीस मिनिटं झाली होती. मेलवर वेळ असते. मी नंतर पाहिली.

आत्या सावंतवाडीहून आली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिने बाबा गेले त्या जागी दिवा लावला आणि भोवती तांदळाचं पीठ पसरलं. सकाळी पिठावर कुणाची पावलं उमटली ते बघतात. जीव कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे.

"त्या मांजराक खंय तरी कोंडून घाल," आत्या आईला म्हणाली. "ता पीठ मोडतला."

"नको. फिरू दे तिला."

सकाळी पीठभर सुंठीचीच पावलं.

आत्या चिडली. "आता कसा कळतला?"

"नाही कळलं तरी चालेल," आई म्हणाली.

मला वाटलं, आईचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

मग वर्ष गेलं.

साडेसहाला सुंठी अजून दिवाणाखाली जाते. शेपटीचं टोक तेवढं बाहेर दिसतं. थांबते. कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. मग आपली आपण निघते आणि दारामागे बघून येते.

रोज.

त्या वेळी आई टीव्हीचा आवाज वाढवते. मी कुणाला तरी फोन लावते. आमच्या घरात आता कोणी मोठ्याने मोजत नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा नाही.

काल वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. साडेसहा वाजले. सुंठी दिवाणाखाली गेली. आईने रिमोट उचलला.

"आई, टीव्ही नको लावूस. बोलायचंय."

"बोल."

"डॉक्टरांना मी आत्ताच म्हणाले. तसं नव्हतं. बाबा गप्प झाले ते मी ऐकलेलं. मला वाटलं, डाव आहे. वीस मिनिटं मी उठलेच नाही."

आई दिवाणाकडे बघत राहिली. मग म्हणाली,

"मीपण ऐकलेलं."

मी तिच्याकडे वळले.

"पोळ्या लाटत होते. हे गप्प झाले तशी मी हात थांबवला. पोळपाटाचा आवाज नको म्हणून. म्हटलं, आज तरी यांना सापडू दे ती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू आत्ताच म्हणालीस ना डॉक्टरांना. मला वाटलं, तुला ठाऊकच नाही. म्हटलं, एकीने भोगलं तेवढं पुरे."

सुंठी निघाली. दारामागे जाऊन आली. आम्ही दोघींनी पाहिलं.

टीव्ही लावला नाही.

बाबा, तुम्हाला नमस्कार. आम्ही दोघी तिथेच होतो. उठलो नाही. माफ करा.

आज सकाळी, वर्षभरात पहिल्यांदाच, आई साडेआठपर्यंत गाढ झोपली होती. दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकत होती. मी ती आत घेतली आणि दूध तापत ठेवलं.