टंचाई शाखेतली मराठी

सरकारी फाइलला आयुष्य असतं. ठरावीक वर्षं झाली की ती रद्दीत जाते. किश्शांचं तसं नाही, ते साठतच राहतात. टंचाई शाखेतले आम्ही तिघंचौघं आता रिटायर झालोय. नांदेडला कुणाच्या घरचं लग्न असलं की मांडवात खुर्च्या जवळ ओढून बसतो, आणि दर वेळी एखादा किस्सा नव्यानं वर येतो. हसतोही. हसून झालं की कुणीतरी विषय बदलतं.

ऑफिसचं नाव सांगत नाही. जिल्हा नवा होता, इमारत भाड्याची होती आणि दोन वर्षं धड पाऊस नव्हता, एवढं पुरे.

*

आमचे साहेब पुण्याकडचे. आल्या आल्या त्यांनी टायपिस्ट जोशींच्या पत्रातला 'दुष्काळ' लाल पेनानं खोडला.

"दुष्काळ शासन जाहीर करतं, जोशी! आपण टंचाई म्हणायचं. तेही नुसतं नाही. टंचाईसदृश परिस्थिती!"

जोशी आज्ञाधारक. दुसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही शिकवायला लागले. उदगीरकडचा एक सरपंच आला होता. त्यालाही त्यांनी समजावलं, "दुष्काळ म्हणू नका हो, सदृश म्हणा."

सरपंचानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं. आमच्या गावची सतरा जनावरं मेलीत. ती मेलीत का मेल्यासदृश हायत, तेवढं लिवून द्या. पुराय लागतीत!"

*

हेडक्लार्क काझीसाहेब निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी ते नोकरीत शिकले, मसुद्यांवरूनच. त्यामुळे अक्षर न् अक्षर सरकारी.

एकदा त्यांच्या भावाचं गावाकडून उर्दूत पत्र आलं. गोठ्यातली देवणी गाय आणि दोन्ही बैल गेले होते. काझीसाहेब टेबलावर डोकं ठेवून रडले. आम्ही पाणी दिलं, पंखा लावला.

तासाभरानं त्याच गावाचा अहवाल त्यांच्यापुढं आला. त्यांनी चष्मा पुसला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'जनावरांची मर्तुक किरकोळ स्वरूपाची आहे.'

मी न राहवून म्हटलं, "काझीसाब, आत्ता तर तुम्ही…"

"काय सांगू, बाबा," ते म्हणाले, "उर्दूत सोचलं की रडू येतंय. मराठीत सोचलं की मसुदा येतोय!"

*

मी त्यांना हसलो खरा, पण मी तरी कुठं सुटलो होतो? माझे वडील इस्लापूरकडं खेड्यात असायचे. त्यांनी पत्र पाठवलं, गुडघे दुखतात, तू कसा आहेस, कधी येतोस. मी ऑफिसातच बसून उत्तर लिहिलं. 'आपले पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेतली आहे. गुडघ्यांबाबत योग्य ती कार्यवाही करावी.' पोस्टातही टाकलं.

आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं. दोनच ओळी.

'तुझं पत्र भेटलं. तू कसा हायस, ते घरच्या कुणाकडून तरी कळव.'

*

नीलव्वा त्याच उन्हाळ्यात यायला लागली. देवणी गावाच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर तिची वाडी. घरी कानडी, बाजारात मराठी. वय साठीचं, कपाळाला इभूत, गळ्यात लिंग. मागणं एकच, वाडीला टँकर.

"नीरु न्हाई, पाणी न्हाई, साहेब. हिरीत खाली उतरून वाटीनं भराय लागतंय. एक घागर भरंस्तोर सकाळ जातीय. सुना लेकरं मराय लागलीत."

अर्ज लेखी पाहिजे म्हणून मीच लिहून दिला. 'सदर ठिकाणी पाणीटंचाईसदृश परिस्थिती उद्भवली असून ग्रामस्थांची गैरसोय होत आहे.' अंगठा घेण्याआधी वाचून दाखवला. चांगला झाला होता, मला जरा अभिमानच वाटत होता.

तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग हात मागं घेतला.

"हे कोणच्या गावाचं हाय? आमचं वाचा की."

*

शेवटी तिनं अंगठा दिला आणि त्या अर्जावर साहेब स्वतः पाहणीला गेले. मी बरोबर होतो. वाडीतल्या बायांचं कानडी साहेबांना कळेना, साहेबांचं मराठी बायांना कळेना. वाडीच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "शाळेत चला साहेब, पोरं पुस्तकातलं मराठी फर्मास बोलतात."

साहेबांनी विचारलं, "पाण्याचे उपयोग सांगा."

सगळा वर्ग एका सुरात, "पिणे, आंघोळ करणे, कपडे धुणे, शेती करणे, पोहणे!"

साहेब खूश. पुढं बसलेल्या एका मुलीला म्हणाले, "छान! पोहणे म्हणजे काय गं?"

ती उभी राहिली, मास्तरांकडं बघितलं आणि म्हणाली, "उत्तर, सर."

विहीर बघायची राहूनच गेली. साहेबांनी परतताना जीपमध्ये शेरा लिहिला. 'मुलांची प्रगती समाधानकारक.' टँकरचा निर्णय 'अधिक माहितीअंती' घ्यायचं ठरलं.

*

अधिक माहिती पंधरा दिवसांत आली. नीलव्वाची धाकटी सून मादेवी विहिरीत पडून गेली. भरलेली घागर घेऊन वर चढताना पाय सटकला आणि तळाच्या खडकावर डोकं आपटलं. तलाठ्याचा कागद एका ओळीचा होता, 'विहिरीत पडून मयत.'

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मनाशी म्हटलं, आता या वाडीला टँकर मिळवून द्यायचाच. काझीसाहेबांनीही सांगितलं, "तूच लिही. जोरदार लिही."

रविवारी घरी बसून मी प्रस्ताव लिहिला. तीन वेळा खोडून लिहिला. माणूस गेलंय, आता तरी मंजूर करा, असं मला म्हणायचं होतं. पण विहीर म्हटली की आमच्या मसुद्यांत एकच वाक्य असायचं, आणि माझा हात वर्षानुवर्षं तेच लिहीत आलेला. 'विहिरीत पडून पाण्यात बुडून मयत.' मी ते लिहिलं, जोशींनी टाइप केलं, काझीसाहेबांनी तपासून सही केली. आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही.

साहेबांना खटकलं. प्रस्ताव शेरा मारून परत आला.

'विहिरीत मनुष्य बुडण्याइतके पाणी उपलब्ध असल्याचे दिसते. सबब टँकरची आवश्यकता नाही. निकाली.'

मी धावत केबिनमध्ये गेलो. विहिरीत वाटीनं भरण्याएवढंच पाणी आहे साहेब, चूक माझी आहे, मी बदलून देतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेरा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "आता दुरुस्ती केली, तर मृत्यूच्या कारणावरच चौकशी लागेल. लिहिलंय ते लिहिलंय."

दोन दिवसांनी नीलव्वा आली. काझीसाहेब फाइलमध्ये तोंड खुपसून बसले, जोशी चहाला गेले. शेरा मीच वाचून दाखवला. तिला कळला नाही. मग पहिल्यांदाच, एकही सरकारी शब्द न वापरता, मी तिला सगळं सांगितलं. काय लिहायचं होतं, काय लिहिलं, काय झालं.

ती रडली नाही. पदर सावरून माझ्या टेबलाजवळ आली.

"मादेवी बुडाली म्हणून लिवलंय?"

"हाव, नीलव्वा."

"मंग चला साहेब. ती बुडाली ते पाणी कुठं हाय, तेवढं दाखवा. सारी वाडी येतीय भराय."