तपासणीचे पॅड

माझे बाबा परतवाड्याच्या बैलबाजारात दलाल होते. शेती बसली त्या वर्षांत विकणारेच जास्त असत, तरी रुमालाखाली बोटं दाबून ते हवा तो भाव काढत. ती घासाघीस माझ्या अंगात उतरली.

अमरावतीच्या कॉलेजात मी टेराहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला लाख कोटी कंपनांचा, ट्रान्समीटर सिलिकॉनवर बसवत होतो. चिप परदेशातून एकदाच बनून येणार होती आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा माझ्या वाट्याला आला होता. इतक्या वेगाला सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर दमतात, हाती येते ती शक्ती क्षीण. ती वाया जाऊ नये म्हणून मला अँटेना मोठी हवी होती. आठवडाभर मी जागेसाठी माझ्या मार्गदर्शक सरांशी भांडलो.

"बैलबाजार समजलास काय?" सर वैतागले. "तपासणीचे पॅड काढून टाक आणि तिथे पसर."

या पॅडवर सुई टेकवून मधला प्रत्येक टप्पा मोजता येतो. मी जिंकल्यासारखा हो म्हणालो.

चिप आली ती मुकीच. चूक लहरी निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरची की पुढच्या टप्प्यांची, कळेना, कारण सुई टेकवायला जागाच नव्हती. सरांना हे आधीच कळत होतं, तरी त्यांनी मला सावध केलं नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं.

"म्हंजे बैल चालवून पाहाची जागाच तू सोडून देली," ते म्हणाले. "मंग मास्तरवर काहून तापून राहिला?"

मी ताट सरकवून उठलो. पुढची चिप मिळेल याची खात्री नव्हती, तरी कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी पॅड मांडले.