रिकामं उत्तर

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘एकओळी’ म्हणत. कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायचा तोही एकाच ओळीत. दुसरी ओळ लिहायला हिला सवड कुठे? जुनी मापं पुसायची ओळही तशीच: आधी कॉम्प्युटरचा प्रश्न, ‘कोणाची मापं पुसू?’, आणि त्याला चिकटूनच पुसायचा हुकूम. नंबर टाकला की त्या माणसाची मापं गायब. दम म्हणून नाही बाईला. चहासुद्धा उभ्याउभ्याच.

त्या दुपारी ती मुलीच्या शाळेत पालकसभेला बसली होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. निघताना साचे करणाऱ्या मास्तरांना सांगून आली होती, "पाय देऊन झालेल्यांची मापं तेवढी पुसून टाका." मास्तर कॉम्प्युटरला वचकून असत. त्यांची भीती घालवायला तिनेच मंत्र दिला होता: "काहीही विचारलं तरी घाबरायचं नाही, सरळ एंटर दाबायचं."

आणि नंबर न टाकताच एंटर दाबलं तर?

नंबर नसला की हुकमाच्या शेवटी सगळी मापं ठेवलेल्या फोल्डरचं नुसतं नाव उरत होतं. म्हणजे सगळ्यांचीच मापं साफ! दुसरी प्रत काढून ठेवायचं ती महिनाभर उद्यावर ढकलत होती. तिने फोन लावला. मास्तर प्लास्टरने माखलेल्या हातांनी फोनला शिवत नसत. तो कपाटात वाजत राहिला असणार. वर्गशिक्षिका मुलीच्या गणिताबद्दल सांगत होत्या, तेवढ्यात ही उठलीच. मुलगी बघत राहिली.

धापा टाकत ती कारखान्यात पोचली, तर मास्तर खुशीत होते.

"झालं गं काम! नंबर विचारत होता, माझा चष्मा सापडेना. म्हटलं, तू शिकवलंयस तसं एंटर दाबावं. एका झटक्यात उरकलं बघ."

फोल्डरच नव्हता. पायाची वाट बघणाऱ्या चाळीस जणांची मापं गेली होती.

"मास्तर, चूक माझी आहे," ती म्हणाली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

भिंतीवरच्या यादीत पहिलं नाव एका आजींचं होतं. मापं द्यायला त्या कुबड्यांवर, दोन बस बदलून आल्या होत्या. हिने फोन करून सगळं खरं सांगितलं.

"पुन्हा येऊ?" आजी म्हणाल्या. "अगं, पुसायच्या आधी त्या यंत्राने विचारलं नाही का?"

"विचारलं होतं, आजी. उत्तरासाठी थांबायला मीच त्याला शिकवलं नव्हतं."